घरच्या घरी केक स्मॅश : मे महिना, गुहागर, कौलारू घर. सुचवा!

खाडीपलीकडे
नमस्कार मंडळी. लेक 28 मे रोजी वर्षाची होतेय. सासर गुहागरजवळ, घर जुनं, चिऱ्याचं, कौलारू. मे महिन्यात सगळे चाकरमानी गावी असतात म्हणून वाढदिवस इथेच करायचं ठरलंय. नणंदेच्या डोक्यात केक स्मॅशने घर केलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बाळासमोर छोटासा केक ठेवायचा, त्याने तो हाताने फोडायचा, तोंडाला फासायचा, आणि आपण फोटो काढत बसायचं. स्टुडिओसाठी चिपळूणपर्यंत उन्हातून पोरीला न्यायची माझी तयारी नाही. फोटो धाकटा दीर काढेल. त्याच्याकडे जुना डीएसएलआर आहे, सोबत मिळालेलीच लेन्स. बाकी आमचे फोन.

अडचण अशी की माजघरात भरदुपारी दिवा लावावा लागतो, ओटी पूर्वेला आहे आणि उकाडा विचारू नका. क्रीम पाच मिनिटं तरी उभं राहील का, शंका आहे. शिवाय सासूबाईंनी स्पष्ट सांगितलंय, "पोरीला हवं ते करा, पण अन्न पायाखाली तुडवलेलं मला चालायचं नाही." मला त्यांचंही पटतं आणि फोटोही हवेत. बोला आता.

फोकस_आउट
रत्नागिरीत लग्नाचे आणि लहान मुलांचे फोटो काढतो, त्यामुळे उजेडाचं मी सांगतो, केकचं बाकीच्यांनी बघावं.

माजघर विसरा. पूर्वेची ओटी म्हणजे तुमची लॉटरी लागली आहे, फक्त वेळ बदला. सकाळी दहापर्यंत तिथे थेट ऊन येतं, पोरगी डोळे मिचकावत बसेल आणि नाकाखाली काळी सावली पडेल. दुपारी तीन-साडेतीननंतर सूर्य घरामागे जातो, ओटीवर नुसता आभाळाचा उजेड उरतो. तो मऊ असतो. लेकीला ओटीच्या कडेपासून दोन-तीन हात आत बसवा, तोंड सरळ अंगणाकडे न करता जरा तिरपं. दुसऱ्या बाजूला खुर्चीवर आजोबांचं पांढरं धोतर पसरा, सावलीतला गाल उजळतो. थर्माकोलची शीट आणू नका, सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे आणि धोतर फुकट आहे.

आता कोकणातल्या घरांच्या खास भानगडी. कौलांमध्ये कुठे काच बसवली असेल तर तिच्यातून उन्हाचा एक कवडसा खाली पडतो आणि दिवसभर सरकत राहतो. तो नेमका बाळाच्या टाळक्यावर येतो. आदल्या दिवशी त्याच वेळेला ओटीवर उभं राहून बघून ठेवा, वर सुपाने झाका नाहीतर जागा बदला. दुसरं, पावसाळ्याची तयारी म्हणून ओटीला निळी ताडपत्री बांधली असेल तर त्या दिवसापुरती सोडा. उजेड तिच्यातून गाळून आला की मूल निळं दिसतं आणि नंतर कितीही एडिट करा, रंग जागेवर येत नाही. हिरव्या शेडनेटचंही तेच, फक्त पोर हिरवं दिसतं.

दिराला सांगा: शटर 1/250 सेकंदापेक्षा हळू करायचा नाही, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) चढला तर चढू दे. फोटोतले थोडे दाणे चालतात, हललेला हात चालत नाही. सलग फोटोंचा मोड लावा. आणि कॅमेरा बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे दिराने पालथं झोपायचं. उभ्याने काढले की नुसतं टाळकं आणि केक येतो. फोनवर काढणाऱ्यांनी पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, हलत्या हाताची बोटं तो पार्श्वभूमीत विरघळवून टाकतो.

अवांतर_आजोबा
आमच्या वेळी वर्षाच्या मुलाचं औक्षण व्हायचं, मूठभर साखर वाटायची, संपलं. आता अन्न फासायचं आणि त्याचे फोटो जगाला दाखवायचे. ज्या किनाऱ्यावर दोन पिढ्यांपूर्वी वरीचा भात आणि कुळथाची पिठी यांवर पावसाळा निघायचा, तिथे केक तुडवणं शोभत नाही. सासूबाईंचं ऐका.

कोकमसरबत
आजोबा, बोरन्हाण विसरलात? संक्रांतीला पोराला काळं झबलं घालून, हलव्याचे दागिने चढवून, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओततो तेव्हा काय होतं? अर्धे चुरमुरे पायाखालीच जातात.

अवांतर_आजोबा
बोरन्हाणाला गल्लीतली पोरं तुटून पडतात आणि वेचून खातात. तिथे वाया जातं ते झाडलोटीपुरतं. केक शेवटी कुठे जातो ते सांगा.

कोकमसरबत
हा मुद्दा मात्र मान्य. आमच्या भाचीच्या वेळी बेकरीतून दोन किलोंचा केक आणला होता. पोरगीने एक बोट लावलं आणि भोकाड पसरलं. त्यावर सगळ्यांच्या हाताळणीनंतर तो कुणाला खावासाच वाटेना. खाडीपलीकडे, केक लहान करा हो. चार इंचांचा पुरे. पाहुण्यांचा वेगळा.

डॉक्टरवहिनी
फोटोंच्या गडबडीत खाण्याचं राहून जाईल म्हणून लिहिते. बालरोगतज्ज्ञ नाही, पण दवाखान्यात रोज हेच बघते.

पहिलं म्हणजे साखर. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांपर्यंत वरून घातलेली साखर नको म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनाही 6 ते 23 महिन्यांच्या मुलांसाठी गोड आणि खारट पदार्थांच्या विरोधातच आहेत. गूळ घातला म्हणून सुटका नाही, तोही वरून घातलेलाच. पिकलं केळं, खजूर, आंबा, फणस यांच्या अंगच्या गोडीवर काम भागतं. एका दिवशी बेकरीच्या केकची दोन बोटं चाटली म्हणून आकाश कोसळणार नाही हे खरं, पण घरीच करताय तर साखर घालायचीच कशाला?

मध: शूट बहुतेक जण वाढदिवसाच्या आठवडाभर आधीच उरकतात. म्हणजे बाळ अजून वर्षाचं झालेलं नसतं. बारा महिन्यांआधी मध नाही म्हणजे नाही, केकमध्ये भाजलेलासुद्धा नाही. त्यातले बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू ओव्हनच्या उष्णतेला दाद देत नाहीत.

काजू-बदामाचे तुकडे, चंदेरी साखरगोळ्या, खायचे मोती, अख्खं द्राक्ष असलं काही केकवर नको, घशात अडकतं. केकमध्ये खोचलेल्या काड्या, "एक"चा आकडा, मेणबत्ती, थर जोडायला बेकरीवाले आत घालतात त्या सळया, सगळं बाळासमोर ठेवण्याआधी काढायचं. आणि गंमत म्हणूनसुद्धा कुणी मागून डोकं केकात दाबायचं नाही. एखादा मामा-काका हमखास असतो, त्याला आधीच बजावा.

अंडं, शेंगदाणा, गहू, दूध यांपैकी जे लेकीने अजून खाल्लं नसेल ते नेमकं त्या दिवशी पहिल्यांदा देऊ नका. अंगावर पुरळ उठलं तर उत्सव बाजूला राहील आणि तुम्ही तालुक्याला धावाल.

घावनचटणी
क्रीमचं मी सांगते. घरून केकच्या ऑर्डरी घेते, मे महिना म्हणजे आमची परीक्षाच. व्हिप्ड क्रीम ओटीवरच्या उकाड्यात खाली सरकायला लागतं, बटरक्रीम चकाकायला लागतं आणि मग कडेने ओघळतं. चक्का वापरा. घट्ट दही फडक्यात बांधून टांगायचं, पण खुंटीला नाही, या दिवसांत सकाळपर्यंत आंबट ढाण होईल. चाळणीत ठेवून खाली भांडं घ्या आणि फ्रीजमध्येच रात्रभर निथळू द्या. एक किलो दह्याचा साधारण तीन-चारशे ग्रॅम चक्का पडतो, लहान केकला भरपूर.

गोडीला ताजा आमरस घालू नका, चक्का सैल होतो. हापूसचा रस साखर न घालता मंद आचेवर आटवून पार गोळा होईपर्यंत आणा, गार करा, मग मिसळा. रंगही सुरेख येतो. खजुराची पेस्ट घातलीत तर मातकट दिसेल, फोटोत तर फारच. बिटाच्या रसाचा गुलाबी छान, पण नंतर पोरीच्या हनुवटीला लागला की लोकांना लागल्यासारखं वाटतं. सांगून ठेवते.

केक: अर्धी वाटी नाचणीचं पीठ, अर्धी वाटी कणीक, दोन पिकलेली केळी, सात-आठ भिजवून वाटलेले खजूर, पाव वाटी दही, पाव वाटी तूप, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर सोडा. पीठ सैलसर हवं, घट्ट वाटलं तर दूध. ओव्हन नसेल तर जाड पातेल्यात मीठ पसरून, वर ताटली, झाकण, मध्यम आच. सुरी कोरडी निघेपर्यंत.

बोंबिल_फ्राय
आणि लाईट गेली तर? मेअखेरीस वळवाचा एक गडगडाट झाला की आमच्याकडे थेट दुसऱ्या दिवशी उजाडते. मासळीच्या बर्फाचा डबा तयार ठेवा. नवा आणा, घरातला नको. नाहीतर पहिल्या वाढदिवसाच्या केकला पापलेटचा वास.

अजून दोन गोष्टी. मांजर बांधा. कोंबड्या झाका. गंमत नाही, अंगणाच्या कडेला केक ठेवला की कावळा पहिला येतो.

आणि फुगे लावणार असाल तर लेकीच्या हाताला लागणार नाहीत असे. फुटलेल्या फुग्याचं रबर तोंडात गेलं तर श्वासनलिकेवर चिकटून बसतं. संध्याकाळी पोरं तेच फुगे हवेत सोडतात, तेही थांबवा. वारं खाडीकडे, खाडी समुद्राकडे. गुहागर, वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं येतात, त्यांची घरटी आपण राखायची आणि वर त्यांच्या पोटात रबर घालायचं, असं नको.

नानी_वेंगुर्ला
गो बाय, केक कित्याक व्हयो? फणस पिकले नाय काय? मगे सांदणां कर!

(आता पुस्तकी लिहिते, नाहीतर पुण्याची मंडळी अर्थ विचारत बसतील.) मेअखेरीस बरका (मऊ, रसाळ गऱ्यांचा) फणस घराघरांत असतो. गरे चाळणीवर घासून रस काढ. दोन वाट्या रसाला एक वाटी तांदळाची कणी, जराशी भाजून. मूठभर ओलं खोबरं. दोन तास मुरू दे. बरका गोड असतो, पोरीसाठी गूळ नकोच. वाट्यांऐवजी तीन वेगवेगळ्या मापांच्या डब्यांत वाफव, मोठ्या डब्याला अर्धा तास धर. गार झाल्यावर एकावर एक ठेव. पिवळंधमक तीन मजली उभं राहतं. क्रीम नाही, वितळणं नाही, मुंग्या मात्र येतील. पोरगी कुस्करून खाईल. सांदण कुस्करूनच खायचं असतं, नारळाच्या दुधात. तुझ्या सासूला काय बोलायला जागाच राहणार नाही.

पण आधी तिला बरका चाखवलायस ना? नसेल तर आत्ताच दोन-चार दिवस थोडा थोडा देऊन बघ. आणि त्या दिवशी पोटभर नको, फणस जड.

खाडीपलीकडे
नानी, तुम्हाला साष्टांग नमस्कार! हे आमच्यापैकी कुणाला सुचलंच नव्हतं. सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "सांदणाला मी कधी नाही म्हटलं?" आणि लगेच कुठल्या झाडाचा फणस उतरवायचा यावर सासऱ्यांशी चर्चा. लेकीने बरका आधी खाल्लाय, आवडतोही.

अवांतर आजोबा, उरलेली सांदणं घरातलेच खाणार. लेकीपुढे फक्त वरचा छोटा मजला ठेवू, खालचे दोन बाजूला फोटोपुरते. चालेल?

अवांतर_आजोबा
चालेल. मला दोन पाठवा.

फोकस_आउट
सांदण असेल तर पार्श्वभूमी ठरली. ओटीची चिऱ्याची भिंत तशीच ठेवा, पडदाबिडदा लावू नका. लाल चिरा, पुढे पिवळं सांदण. लेकीला लाल-केशरी घालू नका, भिंतीत हरवेल. पांढरं किंवा हिरवं सुती झबलं. भिंतीपासून निदान चार-पाच फूट पुढे बसवा म्हणजे भिंत जराशी धूसर होईल. पिवळा रंग फोनवर फार भडक येतो, उजेडाची पट्टी किंचित खाली ओढून मग काढा.

आणि दीर पुण्याहून एसी गाडीतून येत असेल तर कॅमेरा बॅगेतून लगेच काढू नका. गार काचेवर इथली दमट हवा लागली की लेन्सवर धुकं धरतं. पुसून जात नाही, परत येतं. बॅग बंदच ठेवून अर्धा-पाऊण तास ओटीवर ठेवा.

कोकमसरबत
बसवणार कशावर? शेणाने सारवलेली जमीन असेल तर तिच्यावर सांडलेलं उचलून खाईल. आणि नुसतं प्लॅस्टिक अंथरलंत तर नारळाच्या दुधाने त्याची घसरगुंडी होते, वर्षाचं पोर उठून उभं राहायला जातं आणि डोक्यावर आपटतं. खाली गोधडी, वर धुतलेली जाड सुती चादर, कडा खाली दुमडून. हात लांब करून पकडता येईल इतक्या अंतरावर एक माणूस, चौकटीबाहेर. त्या माणसाने फोटो काढायचे नाहीत.

डॉक्टरवहिनी
+1. आणि झोप. सगळं गणित दुपारच्या झोपेवर आहे. साडेतीनची वेळ ठरवली असेल तर त्याआधी ती झोपून उठलेली हवी, थोडं दूध प्यालेली, पण पोट डब्ब नको. भुकेली असली तर चिडते, भरलेली असली तर केककडे बघतही नाही. शिवाय या वयात अनोळखी चेहऱ्यांची भीती असते. ओटीवर पंचवीस चाकरमानी टाळ्या वाजवत उभे राहिले तर ती आईच्या कुशीत शिरणारच. मंडळींना मागच्या पडवीत चहा द्या. दीरही दोन दिवस आधी आला तर बरं, म्हणजे तिला त्याची सवय होईल.

घावनचटणी
बऱ्याच मुलांना चिकट हात आवडतच नाहीत, बोटं फाकवून रडत बसतात. म्हणून आधी एखाद्या दिवशी दहीभाताची वाटी पुढ्यात ठेवून काय करते ते बघा. आणि त्या दिवशी सांदणाचा एक कोपरा तिच्या देखत तोडून तुम्ही खा. गुळगुळीत, अख्ख्या वस्तूला कुठून सुरुवात करायची ते त्यांना कळत नाही. तुकडा निघालेला दिसला की हात आपोआप जातो.

खाडीपलीकडे
दहीभात देऊन बघितला. अर्धा खाल्ला, अर्धा केसांत. म्हणजे चिकट हातांची भीती नाही!

दिराला "पालथं झोपायचं" सांगितलं तर म्हणतो, लुंगीवर झोपेन.

---

खाडीपलीकडे
झालं मंडळी. वृत्तांत लिहायला उशीर झाला, घर रिकामं व्हायला वेळ लागला.

दुपारी तीनला आभाळ भरून आलं आणि माझ्या पोटात गोळा. पण पाऊस आलाच नाही, उलट उजेड इतका एकसारखा पडला की धोतराची गरजच भासली नाही. लेक उठली चार वाजता. आधी स्वच्छ झबल्यातले फोटो काढून घेतले, मग औक्षण, मग सांदण. पहिली पाच मिनिटं तिने हातही लावला नाही. खालच्या चादरीची शिवण उकरत बसली. मग सासूबाईंनी समोर बसून कोपरा तोडला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. ही बघत राहिली. मग एक बोट आत घातलं, बाहेर काढलं, बोटाकडे पाहिलं, आणि दुसऱ्या क्षणी दोन्ही हात कोपरापर्यंत! नारळाचं दूध बशीत ठेवलं होतं, त्यात तळवे आपटून आपटून दिराच्या लेन्सवर शिंतोडे. सांदणाचा एक मोठा तुकडा तिने सासूबाईंच्या तोंडात कोंबला, तोच सगळ्यांत चांगला फोटो आलाय. पंधरा मिनिटांत कंटाळली, तिथेच थांबवलं.

वाया फार थोडं गेलं. चादरीवरचं मांजराने निपटलं.

बोंबिल_फ्राय
मांजर बांधा म्हटलं होतं ना! फोटो टाका.

खाडीपलीकडे
तिचे फोटो उघड्यावर टाकायचे नाहीत असं आम्ही दोघांनी ठरवलंय. तिला कळायला लागल्यावर तिचं ती बघेल. माखलेल्या हातांचा आणि बशीचा एक टाकते रात्री. हळदीसारखे डाग पडतील असं वाटलं होतं, पण झबलं लगेच गार पाण्यात टाकलं आणि साध्या साबणाने निघालं. तिचे केस मात्र कोमट पाण्याने दोनदा धुवावे लागले, नारळाचा चोथा कानामागे अडकून बसतो.

कोकमसरबत
मस्त! आमच्या धाकट्याचा वाढदिवस जुलैत, मालवणला. तेव्हा बरका कुठला मिळायला? आणि उजेडाचं काय, धो धो पाऊस?

फोकस_आउट
पावसाचा उजेड उत्तम असतो, फक्त कमी असतो. शटर 1/200 पर्यंत चालवून घ्या, आयएसओ 3200 ला घाबरू नका. ओटीला पावसाची झड लागत असेल तर पांढरं पारदर्शक प्लॅस्टिक लावा, निळं नको. घरातला पिवळा बल्ब बंद ठेवा, नाहीतर अर्धा चेहरा पिवळा आणि अर्धा राखाडी.

नानी_वेंगुर्ला
जुलैत तवसं (पावसाळी मोठी काकडी) मिळायला लागतं, तवसाळी, म्हणजे तिचा केक, कर. तवसं किसून, पिळून न घेता, तांदळाचा रवा, ओलं खोबरं. गुळाऐवजी खजूर वाटून घाल. पातेल्यात खाली-वर निखारे ठेवून भाजतो आम्ही, तुझ्याकडे ओव्हन असला तर त्यात. पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नकोस, भुगा होतो. तवसं कडू निघत नाही ना ते किसायच्या आधी चाखून बघ.